परतीचा डबा

छावणीच्या बाजारात जाऊन ‘ताहेरा मॅडमचं घर कुठं?’ असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘जपानवाली मॅडम’ म्हणा, की भाजीवालीपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे हात करून दाखवतील. ते हिरवं फाटक, शेजारी शेवग्याचं झाड, तेच. आता बाई जपानमध्ये राहिली दोनच वर्षं, तीही तीस वर्षांपूर्वी. छावणीत राहिली त्याच्या वीसपट. पण नाव पडायचं ते पडलं. घरी राहिल्याचं कौतुक जगात कुणाला असतं?

ताहेरा मूळची कन्नड गावची. वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान. पोरगी हुशार निघाली, समाजशास्त्रात एम.ए. झाली, शहरातल्या एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि छावणीतल्या रहीमभाईंशी तिचं लग्न झालं. रहीमभाई घड्याळं दुरुस्त करायचे. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की नेमकं. कॉलेजात एक दिवस शिष्यवृत्तीचं पत्रक आलं. जपानच्या डोंगरातली गावं ओस पडत चालली आहेत, तरुण पोरं शहरात गेली, मागं फक्त म्हातारी माणसं, त्यांचा अभ्यास करायला कुणी येतं का? ताहेरानं गंमत म्हणून अर्ज केला आणि गंमत अंगाशी आली. निवड झाली.

घरात हा गोंधळ! सासरे म्हणाले, ‘ओस पडायला इथं काय गावं कमी हैत? हितलीच बघ की.’ पोरगा तन्वीर पाच वर्षांचा. त्याला टाकून बाईमाणूस सातासमुद्रापार जाणार? रहीमभाईंनी भिंग डोळ्याला लावून समोरचं घड्याळ बंद केलं आणि म्हणाले, ‘जाव. आधे से ज्यादा घड्याळां वहींच की हैं. कारखाना देखको आव.’ सासरे गप्प झाले. पण पोराचं काय, हा प्रश्न होताच.

त्याचं उत्तर कुंपणाच्या भिंतीवरून आलं. शेजारच्या सत्यभामाबाई, त्यांना ताहेरा ‘अक्का’ म्हणायची. त्याही कन्नडकडच्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या. नवरा वाळूजच्या कारखान्यात. बाई दांडग्या, आवाज त्याहून दांडगा.

‘जा गं तू,’ अक्का म्हणाल्या. ‘पोराचं मी बघते. दोन सालं म्हंजी काय, दोन उन्हाळे. माझी दोन हैत, तिसरं काय जड झालंय का मला?’

आणि निघताना त्यांनी ताहेराच्या हातात एक पुरचुंडी कोंबली. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. ‘तिकडं काय खात्यात देवाला ठाऊक. उपाशी मरू नको.’

तर ताहेरा जपानला गेली. डोंगरातलं गाव, चहूकडं देवदारासारखी उंच झाडं, आणि गावात निम्मी घरं बंद. ती ओकादा नावाच्या एका आजींकडं राहायला होती. आजी ऐंशीच्या घरातल्या, पाठीत वाकलेल्या, पण दिवसभर शेतात. भाषा ताहेराला धड येत नव्हती. पहिल्या आठवड्यात ती रोज रात्री तन्वीरच्या आठवणीनं रडायची आणि सकाळी तोंड धुऊन अभ्यासाला बसायची. एक दिवस दाराशी लाखेचा काळा डबा दिसला. आत उकडलेली रताळी. आजींनी ठेवून दिला होता.

ताहेरानं रताळी खाल्ली, डबा घासला, पुसला आणि तिच्यापुढं पेच पडला. कन्नड असो नाहीतर छावणी, लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, की शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. काही नसलं तर चिमूटभर साखर घाल. पण खोलीत होतं काय? अक्कांची पुरचुंडी! तिनं त्यातला गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे डब्यात घातले आणि आजींना नेऊन दिले.

आजींनी झाकण उघडलं आणि त्या हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग आत जाऊन एक काड्यापेटी घेऊन आल्या आणि हातवारे करून, चित्रं काढून सांगत बसल्या. आमच्यातही असंच. भांडं रिकामं द्यायचं नाही. काही नसलं तर काड्यापेटी घालायची, नाहीतर कोरा कागद. ह्या रीतीला नावही आहे, ओ-उत्सुरी. माझ्या सासूनं शिकवलं, आता कोण पाळतं? परदेशातून पोरगी आली आणि तिनं पाळलं!

झालं. बाईला विषय मिळाला. मोठमोठे संशोधक लोकसंख्येचे आलेख काढत होते, कुठल्या गावात किती घरं रिकामी ते मोजत होते. ताहेरा घराघरांतून फिरत भांडी बघत होती. कोणाचा डबा कोणाकडं जातो, काय घालून परत येतो, कुठं थांबतो. तिथल्या प्राध्यापकांनी आधी नाक मुरडलं, मग कान टवकारले. परत आल्यावर इथल्या कॉलेजात मात्र थट्टाच झाली. ‘जपानला जाऊन भांडी घासून आल्या,’ असं एक सहकारी तोंडावर म्हणाले. ताहेरानं ते हसण्यावारी नेलं. मनातून मात्र तिला ते लागलं होतं. ती तशी हळवीच होती, शब्द विसरायची नाही.

पण ज्या दिवशी ती परत आली, त्या दिवशीची गोष्ट ऐका. रिक्षातून उतरली तर तन्वीर तिच्याकडं यायलाच तयार नाही. अक्कांच्या पदराआड लपला. सात वर्षांचा झालेला, अंगानं भरलेला, आणि तोंडात भाषा अक्कांची. ‘मला नाय जायचं,’ म्हणाला. अक्कांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. ‘गाढवा, माय हाय ती तुझी! तुझ्यासाठी एवढा समुद्र वलांडून आलीय.’ आणि त्याच्या हातात पितळी डबा दिला. ‘जा, घेऊन जा घरला. तुझ्या मायला खायला घाल.’ डब्यात पुरणपोळ्या होत्या. पोरगं डबा घेऊन आईच्या घरात आलं, आणि डब्यामागं पोरगंही राहिलं.

तोच तो डबा. कल्हई उडालेला, झाकणाला पोचा आलेला. दुसऱ्या दिवशी ताहेरानं तो शिरा घालून परत पाठवला आणि तेव्हापासून तो जो भिंतीवरून जायला-यायला लागला, तो थांबलाच नाही. ईदला शीरखुर्मा इकडून, दिवाळीला करंज्या तिकडून. कन्नडच्या शेतातला हुरडा आला की पहिली मूठ डब्यात. अक्का माळकरी, मटणाला शिवायच्या नाहीत. म्हणून ताहेराच्या घरात त्या डब्याची जागा वेगळी, वरच्या फळीवर. ‘तुझा नान-खलिया तुलाच लखलाभ,’ अक्का म्हणायच्या, ‘मला शीरखुर्मा दुप्पट दे.’ कधी काहीच नसलं तर शेवग्याच्या चार शेंगा आडव्या बसत नाहीत म्हणून मोडून घातलेल्या. डबा मुळात कुणाच्या घरचा, हे पुढं पुढं दोघींनाही सांगता येईना. ‘तुझाच असंल,’ असं दोघीही म्हणायच्या.

रहीमभाई गेले तेव्हा ताहेराच्या घरी चूल पेटायची नव्हती. तेरा घरचं जेवण आलं, पण ती जेवली ती अक्कांच्या डब्यातलं पिठलं. अक्कांचे मालक गेले तेव्हा हिनं खिचडी नेली आणि घास भरवला. तन्वीर शिकून पुण्याला गेला, अक्कांचा सोमनाथ मात्र इथंच राहिला. त्याची बायको प्रेरणा, तीही वाळूजच्या कंपनीत कामाला. सकाळी बजाजनगरच्या बसनं जायची ती दिवेलागणीला यायची. दुपारभर दोन घरांत दोन म्हाताऱ्या आणि मध्ये एक डबा. ताहेरा निवृत्त झाली तेव्हा समारंभात म्हणाली होती, ‘एकटेपणा हा जगापुढचा मोठा प्रश्न आहे म्हणतात. मला त्याची भीती नाही. माझ्या शेजारी अक्का आहेत.’

आणि मग यंदा ईदनंतर तो डबा रिकामा आला.

शीरखुर्मा गेला होता. चार दिवसांनी अक्का स्वतः फाटकाशी आल्या, डबा पायरीवर ठेवला आणि एक शब्द न बोलता मागं वळल्या. ताहेरानं आतून हाक मारली, ‘अक्का, चहा?’ त्यांनी ऐकलं नाही. ताहेरानं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. स्वच्छ घासलेला, पुसलेला, कोरडा ठणठणीत डबा.

ताहेरा पायरीवरच बसली. साखरेचा दाणाही नाही? तीस वर्षांत असं झालं नव्हतं. दिवस कसे आहेत तुम्हाला ठाऊक आहे. फोन उघडावा तर कुणीतरी कुणाच्या हातचं खाऊ नका म्हणून सांगत असतं. हे विष कुणाच्या घरात कधी शिरेल, सांगता येत नाही. ताहेराच्या मनात ते आलं. येऊ नये म्हणून तिनं आदळआपट केली, भांडी पुन्हा घासली, तरी आलंच. माझ्या हातचं आता नकोसं झालं का?

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम अंगणात उभी राहिली. अक्का शेवग्याखाली आल्या, तिच्याकडं बघितलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं, आणि आत निघून गेल्या. बस्स! ताहेराचं माथं भडकलं. मी काय तुझ्या दारी मागायला आले होते? तिनं डबा वरच्या फळीवर ठेवला, मागं ढकलला आणि पुढं लोणच्याची बरणी लावली. सकाळी अंगणात जायची वेळ बदलली. प्रेरणा एकदा बसकडं धावता धावता थांबली, ‘काकू, जरा बोलायचं होतं,’ म्हणाली. ‘मला काही बोलायचं नाही, तू जा, बस चुकंल,’ असं म्हणून ताहेरानं फाटक लावून घेतलं. ईद मागं पडली, आंबे आले, संपले. डबा फळीवर. पुण्याहून तन्वीर फोनवर विचारायचा, ‘बडी अम्मी कशी हाय?’ तो अक्कांना बडी अम्मी म्हणायचा. ताहेरा म्हणायची, ‘मजेत हाय. मला कुठं विचारते.’

एका शनिवारी शहरातल्या एका कॉलेजात चर्चासत्र ठेवलं होतं. जपानचा अभ्यास, तिथला समाज आणि जगापुढचे प्रश्न, असं लांबलचक नाव. आयोजक अभय सर, ताहेराचेच जुने विद्यार्थी. ‘मॅडम, तुम्ही नसाल तर मांडवात नवरी नसल्यासारखं होईल,’ असं म्हणून त्यांनी गळच घातली. ताहेरा गेली. इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर शाल, खुर्ची पहिल्या रांगेत. मनातून खरं तर तिला बरं वाटत होतं. घरी राहून ती भिंत बघायचाच तिला कंटाळा आला होता.

सकाळभर भाषणं झाली. एकानं घटत्या जन्मदराचे आकडे पडद्यावर टाकले. एक बाई भूकंपानंतर पुन्हा वसवलेल्या वस्त्यांबद्दल छान बोलल्या. घरं भक्कम बांधली पण शेजार बांधता आला नाही, असं त्या म्हणाल्या. जपानहून एक तरुण संशोधक पडद्यावर दिसत होता, त्यानं एकट्यानंच मरून पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल सांगितलं, शेजाऱ्यांनाही पत्ता नसतो. सभागृहात चुकचुकाट झाला. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडं असं नाही हो, आपल्याकडं माणुसकी आहे. माना हलल्या. ताहेराचीही हलली.

मग तिची पाळी आली. तिनं तिची नेहमीची गोष्ट सांगितली, रताळी, गूळ-शेंगदाणे, काड्यापेटी. लोक खूश. आठवणी सांगताना ती स्वतःही तरुण झाली होती. चुलीचा धूर, छपराखाली माळेत वाळत घातलेली फळं, ओकादा आजींचं खोकत खोकत हसणं, सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं होतं. टाळ्या वाजल्या. शेवटी सायली नावाची एक संशोधन करणारी मुलगी उठली.

‘मॅडम, एक विचारू? रीत आहे रिकामं परत करायचं नाही. पण एखाद्यानं केलंच रिकामं परत, तर? मग तिथं काय करायचे? भांडण व्हायचं का?’

‘छे गं,’ ताहेरा म्हणाली. उत्तर तिच्या जिभेवरच होतं. ‘असं एकदा झालं होतं. बर्फ पडत होता. गावाच्या वरच्या अंगाला मोरिता नावाचे आजोबा एकटे राहायचे. त्यांच्याकडून डबा आला, रिकामा. मी आजींना म्हटलं, रागावले असतील तुमच्यावर. तर आजींनी तोवर पायात रबरी बूट घातलेसुद्धा! मला म्हणाल्या, “वेडी का काय तू? राग आला असता तर त्यानं काड्यापेटी घातली असती. आम्ही कितीदा भांडलोय, तरी काड्यापेटी चुकली नाही. रागावलेला माणूस रीत सोडत नाही. रिकामं आलं म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय. चल, बघून येऊ...”’

ताहेरा थांबली.

सगळ्यांना वाटलं, मॅडमना पुढचं आठवेना. सायलीनं हळूच विचारलं, ‘मग काय झालं होतं, मॅडम?’

‘त्यांना घरातलंच काही आठवत नव्हतं,’ ताहेरा म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. ‘चूल विझलेली. आम्हाला ओळखलंच नाही.’

बापरे. हे सगळं तिनं स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रबंधात एका तळटीपेत लिहिलंही होतं. आणि अक्का पायरीवर डबा ठेवून, हाक न ऐकता, अनोळखी नजरेनं निघून गेल्या, तेव्हा ह्या विदुषी बाईच्या मनात काय आलं? धर्म आला, जात आली, मानपान आला. आजारपण तेवढं आलं नाही! अभय सर शाल-श्रीफळ घेऊन पुढं येत होते. ताहेरा त्यांना म्हणाली, ‘अभय, मला रिक्षा बघून दे. आत्ता.’

‘मॅडम, जेवण राहिलंय—’

‘अरे, दिव्याखाली अंधार झालाय माझ्या. रिक्षा बघ.’

रिक्षात ती सारखी पदरानं तोंड पुसत होती. घरी आल्यावर तिनं स्टूल घेतलं, लोणच्याची बरणी बाजूला केली आणि डबा काढला. आत काय घालावं? घरात खजूर होते. तेच घातले. भिंतीवरून नाही, ती फाटकातून गेली, दारातून.

दार प्रेरणानं उघडलं. शनिवारची सुट्टी होती. ताहेराला बघून पोरीचा चेहराच बदलला, आणि ताहेरानं काही बोलायच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘काकू, आम्हाला वाटलं तुम्हाला कळलं म्हणूनच तुम्ही येईनात,’ ती म्हणाली. ‘हे म्हणाले, कुणाला सांगू नको, लोक आईला वेडी म्हणतील. मी तुम्हाला सांगायला आले होते, तर तुम्ही फाटक लावलं. डॉक्टर म्हणतात, आता हे विसरणं वाढतच जाणार. कधी मला ओळखतात, कधी नाय. पण रोज विचारतात, ताहेराचा डबा आला का? मी म्हणते, येईल.’

ताहेरानं प्रेरणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेली.

अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. केवढ्याशा झाल्या होत्या! दंडाची कातडी लोंबलेली, केस नीट विंचरलेले, बहुतेक प्रेरणानं. ताहेरा पुढ्यात बसली. अक्कांनी बघितलं, हसल्या, परक्या बाईला हसावं तसं.

‘कोण पायजे?’

ताहेरानं डबा पुढं केला. अक्कांनी तो घेतला. झाकणाच्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग झाकण उघडलं, खजूर एका ताटलीत ओतले, पदरानं डबा आतून पुसला. भिंतीला धरून उठल्या. प्रेरणा धरायला धावली, ताहेरानं तिला खुणेनं थांबवलं. अक्कांनी फळीवरचा पत्र्याचा डबा बरोब्बर हुडकला, त्यातून गुळाचा खडा काढला, दुसऱ्यातून मूठभर शेंगदाणे. पितळी डब्यात घातले. दोन्ही हातांनी झाकण दाबून बसवलं.

‘बाई,’ त्या ताहेराला म्हणाल्या, ‘माझं एवढं काम करशील का? शेजारी ताहेरा ऱ्हाती. जपानला गेलीया. पोरगं माझ्यापाशी ठिवलंय, झोपलंय बग आत. ती आली की तिला हे दे.’

ताहेरानं मान हलवली.

‘आन् रिकामा नेऊ नको बरं का,’ अक्कांनी आवाज खाली आणला, घरातली गोष्ट सांगावी तसा. ‘लई मनाला लावून घेती ती.’

ताहेरानं डबा घेतला. तिनं अक्कांचा हात घट्ट धरला.

‘आली, अक्का,’ ती म्हणाली. ‘ताहेरा आली. आत्ताच आली.’

अक्कांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग खाली बसून, मेथीची जुडी सरकवून तिला आपल्या शेजारी जागा केली.

‘लई दिवस लावले गं,’ त्या म्हणाल्या.